‘नाही’चा रकाना

धम्मदीपाला त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. वाशीमच्या एका दवाखान्यात ती लघवीचे नमुने तपासते. कोणतं औषध जंतूंना मारेल, हे काचेच्या बशीत जंतू वाढवून पाहायला दोन दिवस लागतात. आता संगणक मिनिटात अंदाज सांगतो; त्या दिवशी त्याची पहिलीच चाचणी होती. तो शिकला तिच्याच चार वर्षांच्या नोंदींवरून.

खिडकीशी रिसोडचे मारोतराव उभे होते. हातात बायकोच्या नमुन्याची बाटली. बायको रुख्मिणी बाहेर बाकावर, तापानं कुडकुडत.

"आधी काही गोळ्या घेतल्या त्यायनं?"

"काहीच नाही. माह्या घरातलं मले मालूम नसन का?"

तिनं ‘नाही’ भरलं. पडद्यावर आलं: नेहमीची गोळी लागू पडण्याची शक्यता शंभरात शहाऐंशी. डॉक्टर शालिग्राम चिठ्ठी लिहू लागले.

ती उठली. बसली. पुन्हा उठली. चार वर्षं या खिडकीशी पुरुषच येत होते. दुखणं बाईचं, उत्तर त्यांचं. ती बाहेर गेली.

"काकू, खरं सांगा. गोळ्या घेतल्या ना?"

रुख्मिणीनं आधी खिडकीकडे पाहिलं. "यायले नको सांगू बाई. जावेच्या उरल्या होत्या. जळजळ थांबली का सोडून देत होती. यंदा चार खेपा झाल्या."

"काहून लपवलं?"

"असलं दुखणं नवऱ्याले सांगतात का? तुहं लगन झालं का समजन."

धम्मदीपा धावत आत आली. ‘नाही’च्या जागी ‘हो’ केलं. शहाऐंशीचे एकतीस झाले.

"हे काय केलं तू?"

"सर, जिचं दुखणं तिलेच विचारलं."

शालिग्रामांनी चिठ्ठी फाडली. दुसरं औषध लिहिलं, सुईचं.

"आता काय बदललं?" मारोतराव.

"मशीनचं मन, काका."

दोन दिवसांनी तिनं बशी पाहिली. त्या गोळीच्या औषधाच्या चकतीला खेटून जंतू दाट वाढले होते; ती गोळी लागूच पडली नसती. सुईनं रुख्मिणीचा ताप मात्र उतरला होता.

"मशीन पास झालं!" शालिग्राम खूश.

धम्मदीपा हसली नाही. बायकांच्या सहाशे नोंदी. बहुतेक ‘नाही’. सगळ्या तिनंच भरलेल्या, नवऱ्यांना विचारून.

"सर, ते माह्या चुका शिकलं."

तिनं त्या नोंदींतला पहिला फोन नंबर लावला. पलीकडे पुरुषाचा आवाज.

"भाऊ, वहिनीले द्या फोन."

"कायले? मले सांगा ना."

"नाही. त्यायच्याशीच बोलाचं हाये."