विहिरीतले जिवाणू आणि तांबोळी सर

तांबोळी सरांच्या पत्नी शमीमभाभींचा दौंडहून फोन आला तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात, सरांच्याच प्रयोगशाळेत मुलांना शिकवत होते. "बेटा, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. परवा त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही झाला. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे... ती आता सांगून टाकते.

तांबोळी सर आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. रोज दौंडहून एसटीनं यायचे. निमोणे गावातल्या आमच्या विहिरीत एका कारखान्याचं सांडपाणी पाझरलं, पाण्याला फिनॉल या विषारी रसायनाचा उग्र वास सुटला, तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. सर स्वतः कॅन घेऊन पाणी न्यायला आले. कारखान्याच्या नाल्यातल्या गाळात त्यांना फिनॉल खाणारा जिवाणू सापडला होता. विहिरीतल्या जिवाणूला ती विद्या नव्हती. दोघं एकत्र ठेवले तर पहिला त्या विद्येची जनुकं दुसऱ्याला देतो का, हे त्यांना बघायचं होतं. हे जीव आपला ठेवा फक्त पोटच्या पोरांना देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात, असं त्यांनी माझ्या वडिलांना, आबांना, समजावलं. आबा म्हणाले, "म्हंजी आमच्या भावकीपरास बरं हाय." सर कितीतरी वेळ हसत होते.

तपासणी सोपी होती. प्लेटमध्ये खायला फक्त फिनॉल आणि गाळातल्या जिवाणूला मारणारं औषध. मग जो वाढेल तो विहिरीतला, नवं शिकलेला. प्लेटा मी ओतल्या. तिसऱ्या दिवशी त्या ठिपक्यांनी भरल्या. सरांनी पेढे वाटले, आबांनी रविवारी गाव गोळा करायचं ठरवलं. आणि शुक्रवारी फ्रीजमध्ये मला औषधाची बाटली दिसली, सील न फोडलेली. मी ते टाकायलाच विसरले होते. वाढला होता तो गाळातलाच. दिवसभर मी गप्प बसले. भित्री होते, दुसरं काय... शनिवारी सांगितलं. चष्मा पुसून सर म्हणाले, "उद्या गावात तू काही बोलायचं नाही."

रविवारी पारावर सरांनी सांगितलं, "चूक माझ्याकडून झाली, पाणी अजून तसंच आहे, जनावरांना दाखवू नका." आबांची चारचौघांत मान खाली गेली. "पोरखेळ मांडलाय व्हय?" ते सरांना सगळ्यांदेखत म्हणाले, आणि पुन्हा कधी त्यांच्याशी बोलले नाहीत. मी घरी भाकऱ्या थापत राहिले.

पुढं वर्षभर आम्ही तोच प्रयोग नीट केला. जनुकं खरंच गेली, पण काचेच्या चंबूत. विहीर आजही तशीच आहे.

पारावरच्या त्या रविवारनंतरच्या सोमवारपासून मात्र प्रयोगशाळेत रिवाज पडला: औषध टाकणाऱ्यानं मोठ्यानं "औषध टाकलं" म्हणायचं, शेजारच्यानं तेच परत म्हणायचं. मुलं कारण विचारायची. सर सांगायचे, "आमचे अब्बा दौंडला रेल्वेच्या इंजिनावर होते, ते आणि जोडीदार सिग्नल असाच मोठ्यानं म्हणायचे, ही आमच्या घरची खोड." माझं नाव त्यांनी कधी येऊ दिलं नाही.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं मला तेच विचारलं. अब्बांची गोष्ट ओठांवर आली होती. मी म्हटलं, "मी एकदा विसरले होते, आणि सरांनी ते आपल्या अंगावर घेतलं." ती पिपेट उचलून म्हणाली, "औषध टाकलं." मीही म्हटलं, "औषध टाकलं."

सर गेल्याचं आबांना कळलं होतं. बाकीचं सगळं त्याच संध्याकाळी निमोण्याला जाऊन सांगितलं. ते ओट्यावरून उठले. मग खुंटीवरची टोपी घेतली.

"दौंडची गाडी कवा हाय?"