भावोजींची कंपनीची बॅटरी

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, समारंभांचे फोटो काढतात. माणूस सज्जन. आवाज चढवत नाहीत, पानात पडेल ते मुकाट खातात. खोड एकच. कॅमेऱ्याच्या तीन बॅटऱ्या आहेत आणि त्यांत ते उघड पंक्तिभेद करतात.

एक बॅटरी कंपनीची, दोन बाहेरच्या. कंपनीच्या बॅटरीवर ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. ती शर्टाच्या आतल्या खिशात राहते, बाकीच्या दोघी पिशवीत, लेन्स पुसायच्या फडक्याशेजारी. बाहेरची बॅटरी घातली की कॅमेरा पडद्यावर विचारतो, ही बॅटरी आमच्या कंपनीची नाही, तरी वापरायची का? भावोजी तो प्रश्न दर वेळी पूर्ण वाचतात आणि खालमानेने ‘हो’ दाबतात. लग्नाची मागणी घालायला आमच्या वडिलांपुढे बसले होते तेव्हाही ते इतके नम्र नव्हते.

याला कारण घडलं होतं. कंपनीची बॅटरी आधी सांगते, निम्मी संपले, आता आवरतं घ्या. बाहेरची मात्र शेवटपर्यंत ‘भरलेली आहे’ म्हणते आणि मग एकदम डोळे मिटते. तशी ती एका लग्नात ऐन अंगठीच्या वेळी मिटली. त्या जोडप्याच्या अल्बममध्ये आधी रिकामं बोट आहे आणि नंतर अंगठी घातलेलं बोट. मधलं काही नाही. नवरीची आत्या जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

तेव्हापासून नियम ठरला. आयुष्यात एकदाच होतं ते कंपनीच्या बॅटरीवर. अंगठी, सही, बाळाचं पहिलं पाऊल. पुन्हा होऊ शकतं ते बाहेरच्या बॅटरीवर. जेवणं, ग्रुप फोटो, भाषणं.

हळूहळू हे लोकांना कळलं आणि लोक कॅमेऱ्याच्या बुडाकडे बघायला लागले. एका हेडक्लार्कनी स्वतःच्या निरोप समारंभात बोलता बोलता बॅटरी बदललेली पाहिली आणि माईक तसाच हातात धरून विचारलं, “मला बाहेरची?”

“साहेब, तुम्ही भाषणाला उभे राहिलात म्हणून.”

“अहो, निवृत्ती एकदाच होते!”

“निवृत्ती एकदाच होते. हे भाषण तुम्ही मागच्या कार्यक्रमातही केलं होतं.”

पुढे एक नवरदेव असा आला की त्याचं लग्न दुसरं आणि नवरीचं पहिलं. फ्रेम तर एकच. भावोजी बराच वेळ पिशवीपाशी उभे राहिले. शेवटी त्यांनी निकाल नवरीच्या बाजूने दिला.

या सगळ्यात ताईचा नंबर कधी लागला नाही. “अहो, माझा एक धड फोटो काढा ना,” ती म्हणायची. “काढू की. तू कुठे पळून चाललीस? रविवारी सावकाश काढू, कंपनीच्या बॅटरीवर,” भावोजी म्हणायचे. रविवारी दुसऱ्या कुणाचं तरी एकदाच होणारं काहीतरी निघायचं. तसे घरात ताईचे फोटो आहेत. कुणाच्या तरी मागे, हातात ट्रे, अर्धा खांदा.

मी एकदा तोंडावर म्हटलं, “भावोजी, बाहेरच्या बॅटरीवर काढा, पण काढा.”

“छे,” ते म्हणाले, “तिचा असा जाता जाता काढायचा नाही.”

यात टाळाटाळ नव्हती. त्यांना मनापासून तसं वाटत होतं, म्हणून मला भांडताही येईना.

मग ताईच्या कानाखाली गाठ आली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, आणि चेहऱ्याची नस तिथूनच जाते. तोंडाची एक बाजू थोडी खाली राहू शकते. हसणं पूर्वीसारखं राहील असं सांगता येत नाही. दवाखान्याच्या जिन्यात ताई म्हणाली, “त्याच्या आधी माझा फोटो काढा. बाकी मला काही नको.”

कॅमेरा दुरुस्तीला गेला होता, तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आला. ताई ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. भावोजींनी पडदा ताणला, दिवे हलवले, तिच्या कपाळावरची बट स्वतःच्या हाताने मागे सारली. मग आतल्या खिशातून बॅटरी काढून पुसली आणि घातली.

कॅमेऱ्याने विचारलं, ही बॅटरी आमच्या कंपनीची नाही, तरी वापरायची का?

त्यांनी ती काढून पुन्हा पुसली, पुन्हा घातली. प्रश्न तोच. चष्मा लावला. मीही वाकून वाचलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “नवीन सॉफ्टवेअर टाकलंय ना काका, ते आता नकली बरोबर पकडतं.”

“अरे, सीलबंद खोक्यातून घेतली होती.”

“खोकीही नकली मिळतात काका.”

भावोजींनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. “मी आत्ता जाऊन खरी घेऊन येतो,” ते म्हणाले. “तू इथेच बस.”

“थांबा,” ताई म्हणाली. “म्हणजे तीही बाहेरचीच होती?”

“हो.”

“आणि तिच्यावर सगळ्यांचे फोटो निघाले? एकही बिघडला नाही?”

“नाही बिघडला.”

“मग इतकी वर्षं मी कशासाठी थांबले?”

भावोजींनी या वेळी प्रश्न न वाचताच ‘हो’ दाबलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. त्यानंतर बॅटरी संपेपर्यंत ते फोटो काढत राहिले. मी मागे उभी राहून वेडंवाकडं तोंड केलं, तेव्हा ताई हसलीसुद्धा.

गाठ साधी निघाली. ताईच्या तोंडाचा डावा कोपरा मात्र आता वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, वेळ लागेल. मी घरी येऊन रडले. ती नाही रडली.

भावोजींनी स्टुडिओत तिचा मोठा फोटो लावलाय. हसरे इतके होते, पण लावला तो पहिला. भुवया चढलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही बाजूंनी अगदी सारखे. फोटो काढायला आलेली माणसं स्टुलावर बसली की त्यांची नजर आधी तिथेच जाते.

“बाई कुणावर चिडल्यात हो एवढ्या?” एखादा विचारतो.

“माझ्यावर,” भावोजी म्हणतात, आणि त्याला हनुवटी जरा वर घ्यायला सांगतात.