पाठवणीच्या गाडीचं बोनट

जाम गावच्या चौफुलीवर प्रेमदासचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, त्याखाली प्रेमदास आणि त्याची काळजी. लोक गाडी बिघडली की घाबरतात, हा दुरुस्त झाली की घाबरतो. गिऱ्हाईक गेल्यावर हायवेकडे कान लावून बसतो.

गावातल्या बापूजींच्या जुन्या अँबेसेडरनं तर त्याची झोपच उडवली. बोनटचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, झिजलेले, स्प्रिंगा ढिल्या, त्यामुळं खटका नीट लागत नसे. मागच्या महिन्यात चालत्या गाडीचं बोनट उठून काचेवर आपटलं, बापूजी कसेबसे वाचले. आणि त्यांची नात शाल्मली, तिची पाठवणी याच गाडीतून, उद्या.

प्रेमदासनं बोनटला आतून जुन्या कब्ज्यांभोवती खडूनं रेघा मारल्या, नवे नेमके तिथंच बसावेत म्हणून. मग बोनट उतरवलं आणि नवे कब्जे आणायला हिंगणघाटला गेला. परत येतो तर गाडी चकाचक! लग्नाची गाडी मळकी कशी ठेवायची, म्हणून बापूजींनी उतरवलेलं बोनटसुद्धा आतून-बाहेरून धुऊन हळदकुंकू लावलं होतं.

"बापूजी, रेघा कुठं गेल्या?"

"कायच्या रेघा? खडूचा मळ होता, घासून काढला."

प्रेमदासनं बोनट उलटंपालटं करून पाहिलं, एकही रेघ उरली नव्हती.

मग सगळं अंदाजानं. त्यानं स्प्रिंग ताणली, वेढ्यांत वायसरच्या चकत्या खुपसून तशीच ताणलेली ठेवली आणि कब्ज्याला अडकवली. सुटून तोंडावर येऊ नये म्हणून वर गोधडी टाकली.

त्याची बायको धुरपता ओरडली, "माही नवी गोधडी काऊन घेतली?"

"गोधडी दुसरी भेटन. माहा डोळा भेटन का?"

बोनट लावून खाली दाबलं तशी स्प्रिंग आणखी ताणली आणि वायसर टपाटप गळले. उजवीकडे बोटभर फट. सरकवलं, तर डावा कोपरा घासला. पुन्हा सैल, पुन्हा कस. तिन्हीसांजेला एकदाचं खट्ट झालं. मग प्रेमदास ते इतक्यांदा उघडू-लावू लागला की त्याला पाने काढून देणारा मी म्हटलं, "काका, नवे कब्जे आजच झिजतीन."

"तुले हासू सुचून राह्यलं. उद्या काचेमागं पोरगी बसन!"

दुसऱ्या दिवशी नवरी बसली, नवरदेव बसला. बापूजींनी चावी फिरवायच्या आत प्रेमदास त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"तू काऊन रे? बोनट उठलं तर मलेबी दिसन ना!"

"उठलं तर तुमाले काईच दिसणार नाई. हाललं की मी सांगतो."

लग्नाच्या व्हिडिओत शाल्मली रडते आहे, नवरदेव तिच्याकडे बघतो आहे, बापूजी रस्त्याकडे. प्रेमदास बोनटकडे. सासरचं समुद्रपूर येईस्तोवर त्यानं पापणी मिटली नसेल. बोनट हाललं नाही.

सासरच्यांनी त्याला नवरीचा मामा समजून टॉवेल-टोपी दिली. त्यानं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पंगतीला बसायच्या आधी बोनट उघडून पाहिलं.