पाना दोनदा वाजला की

आमच्या गॅरेजात एक नियम होता. आमच्या ह्यांनी गाडीच्या बॉनेटवर पाना दोनदा वाजवला की मी नाही. म्हणजे असायचेच, पण नसायचे. हातातलं वेल्डिंग थांबवायचं, तोंडावरचा मास्क काढायचा नाही आणि मागच्या पत्र्याच्या दाराने घरात सटकायचं. घर गॅरेजच्या पाठीलाच आहे. सटकायला वेळ मिळाला नाही तर जिथे असेन तिथेच मुकाट राहायचं. गिऱ्हाईक गेलं की पाना एकदा वाजायचा. एकदा म्हणजे, ये बाई, झालीस तू परत जिवंत.

हा नियम ह्यांनी एकट्यांनी लादला, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? दोघांनी मिळूनच केला होता. लग्नाला वर्ष झालं असेल तेव्हा. एकाची जीप आली होती, चासी फुटलेली. मी खाली पडून वेल्डिंग करत होते आणि तो गृहस्थ अचानक आला. मी मास्क वर केला तर त्याचं तोंडच उतरलं. ह्यांना म्हणाला, "अहो, घाटात जायचंय मला. बाईच्या हाताचं काम चालायचं नाही." अर्ध्या कामातून जीप घेऊन गेला. त्या रात्री मीच म्हटलं, जाऊ द्या, नाव तुमचं सांगत जा, काम माझं होऊ द्या. मला वाटलं, काय शहाणी मी! तो शहाणपणा अठरा वर्षं पुरला.

वेल्डिंग मी माहेरी शिकले. सटाण्याला वडलांचं वेल्डिंगचं दुकान होतं, कांद्याच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचे. हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागायची, आणि वडलांना मुलगा नव्हता, म्हणून मग मी. आमच्या ह्यांचा हात इंजिनात. गाडी गल्लीच्या तोंडाशी असताना आवाजावरून सांगतील कुठे दुखतंय ते. पण वेल्डिंग? राम राम. ह्यांनी मारलेलं वेल्डिंग म्हणजे हात थरथरत असताना तव्यावर टाकलेलं धिरडं, कुठे गोळा, कुठे भोक.

इथे नाशकात, अंबडला आमच्याकडे या आठ-दहा वर्षांत हौशी लोकांच्या जुन्या जीपा यायला लागल्या. चांगला डांबरी रस्ता सोडून गाडी नाल्यात घालायची, डोंगराच्या उतारावर चढवायची, आणि अडकली की सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवायच्या. असते एकेकाची हौस. पण त्यात गाडीची चासी पिळवटून निघते. चासी म्हणजे गाडीच्या खालची शिडी, दोन लांब लोखंडी बाजू आणि मधे पायऱ्या. सगळी गाडी तिच्यावर उभी. ती जुनी झाली की चिरा पडतात, म्हणून तिला बाहेरून पट्ट्या मारून मजबूत करायची. तेच माझं काम. नाशकातल्या त्या जीपवाल्यांत आमच्या ह्यांचं नाव झालं होतं. चासी करावी तर मिस्त्रींनीच, म्हणायचे. एक मात्र सगळ्यांना माहीत होतं, की मिस्त्री कुणासमोर वेल्डिंग करत नाहीत. लहरी आहेत म्हणे!

पट्टी मारण्यात एकच खुबी आहे. तिची टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी कापायची. चासीवर वरून खाली सरळ रेघ वेल्ड करायची नाही, कधीच नाही. तापून तिथलं लोखंड कडक होतं आणि गाडी पिळली की बरोबर त्याच रेघेवर तुटतं. वडील मला ट्रॉलीखाली बसवून सांगायचे, "सरळ रेघ मारशी ना, तठेच फाटी." आठ-नऊ वर्षांची असेन मी. अजून कानात आहे.

गेल्या एप्रिलची गोष्ट. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांची जीप आमच्याकडे होती. दोन आठवडे खपून मी तिच्या खाली अकरा पट्ट्या मारल्या. बारावी राहिली होती, पुढच्या डाव्या चाकामागची, जिथे स्टिअरिंगचा डबा चासीला बसवलेला असतो. सगळ्यात जास्त जोर तिथेच येतो, म्हणून ती मी निवांत करायची म्हणून शेवटाला ठेवली होती. मधे भाचीचा साखरपुडा आला, दोन दिवस सटाण्याला गेले. परत आले त्या शनिवारी जेवणं झाल्यावर पुठ्ठा टाकून, हातोडी आणि उजेडाला बॅटरी घेऊन जीपखाली शिरले, की उरलेलं उरकून टाकू. जीप लोखंडी घोड्यांवर चढवलेली, शटर अर्धं खाली.

बघते तर बारावी पट्टी मारलेली! वरून लाल रंगही फासलेला. टोकं सरळ कापलेली, बिस्किटासारखी. वरून खाली सरळ रेघ, आणि ती पण गोळे गोळे. बोट फिरवलं तर एका जागी नख आत गेलं. डोकंच फिरलं माझं. अहो, दोन दिवस दम निघत नव्हता का, कुणी सांगितलं होतं हात लावायला, असं ओरडणार, तोंड उघडलेलंच होतं, आणि वर बॉनेटवर पाना वाजला. टण्, टण्.

तोंड मिटलं. अठरा वर्षांची सवय, आपोआप मिटलं.

शटरखालून पाय आत आले. पांढरे बूट, ते डॉक्टर. त्यांच्या मागे जांभळ्या सँडल, सातवी-आठवीतल्या मुलीच्या असाव्यात. आणि ह्यांच्या चपला, त्या मी झोपेतही ओळखीन. उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर घासायला लागला. हे घाबरले की तसं करतात.

"काय मिस्त्री, झाली का आमची राणी?"

"झालीच म्हणायची, डॉक्टर. पण तुम्ही उद्या येणार होतात ना?"

"उद्या पहाटेच निघतोय सगळे. इगतपुरीच्या पुढे, धरणाच्या मागचा उतार आहे ना, तिथे. म्हटलं आजच घेऊन जावी. उतरवा घोड्यांवरून, थांबतो मी."

आता उतरवणार कशी? खाली मी! हे म्हणाले, रंग ओला आहे. डॉक्टर म्हणाले, वाळेल रस्त्यात. हे म्हणाले, तरी पण अर्धा तास. डॉक्टर म्हणाले, बरं, बसतो. आणि खुर्ची ओढून बसलेच की! पांढरे बूट माझ्या डोक्यापासून दोन हातांवर.

तासभर मी तिथे पडून होते. वर पत्रा तापलेला, चासी नाकापासून वितीवर. कूस बदलायला जागा नाही. गंजाचा एक कपचा कॉलरमध्ये पडला होता, तो टोचत होता, पण हात वर न्यायची सोय नाही. घाम कानात चाललेला. आणि सांगायला लाज कसली, मला बाथरूमला लागली होती. आधी थोडी, मग जोरात. मागचं पत्र्याचं दार दिसत होतं. आठ पावलं असेल. त्या आठ पावलांकडे बघत मी पडून राहिले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कामाखाली, चोरासारखी. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

डोळ्यांसमोर मात्र ती सरळ रेघ. दुसरीकडे बघायलाच जागा नव्हती.

"परवा तुम्ही माझ्यासमोर ती पट्टी मारलीत ना," वरून डॉक्टर म्हणाले, "घरी जाऊन मिसेसला सांगितलं, काय हात आहे! सगळे म्हणत होते मिस्त्री कुणाला बघू देत नाहीत. मी म्हटलं, आज बघितल्याशिवाय हलणारच नाही."

ह्यांचा अंगठा घासत राहिला.

अस्सं! डॉक्टर हटून बसले असणार, मी सटाण्याला, आणि ह्यांना काही सुचलं नसेल. काय सांगणार होते, बायको माहेरी गेलीय, वेल्डिंग येत नाही मला? माझा राग चढता चढता मधेच अडकला. हे पण अडकले होतेच की. मी खाली, ते वर.

तेवढ्यात जांभळ्या सँडल उचलल्या गेल्या आणि ती मुलगी जीपमध्ये चढली. सगळी गाडी हलली. गंज आणि माती माझ्या डोळ्यांत.

"बाबा, उद्या मी पुढे बसणार. प्रॉमिस केलंय तुम्ही."

"बस की. उतारावर हात सोडून बस, बघ कसली मजा येते."

स्टिअरिंगच्या जागी चासी फाटली की चाक हातातून जातं. सरळ रस्त्यावर एखादा वाचेल. उतारावर? आणि शेजारी हात सोडून बसलेली पोर?

तेवढ्यात हे मोठ्याने म्हणाले, "चला डॉक्टर, समोर उसाचा रस घेऊ. ये गं बाळ तू पण. आलो की गाडी उतरवतोच." एवढं मोठ्याने बोलायचं कारण डॉक्टर बहिरे होते असं नाही. ते मला सांगणं होतं. ते गेले की मी निघायचं, मागच्या दाराने आत, बाथरूम, पंखा, सुटले. हे येऊन जीप उतरवणार, डॉक्टर चावी फिरवणार.

ह्यांना नंतर हळूच बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण हे काय म्हणाले असते तेही मला पाठ होतं. एका रविवारने काय होतंय, सोमवारी बोलावून घेऊ. आणि मी काय म्हणाले असते ते त्याहून पाठ होतं. बरं म्हणाले असते. अठरा वर्षं बरंच म्हणत आले होते. त्याची मला खरी भीती वाटली. त्या रेघेपेक्षा जास्त.

पाय शटरकडे निघाले. मी छातीवरची हातोडी उचलली आणि चासीवर मारली. टण्, टण्.

पाय थांबले.

"काय वाजलं?" डॉक्टर म्हणाले.

"उंदीर," हे म्हणाले. "उंदीर झालेत फार."

"उंदीर? अहो, हातोडीचा आवाज आहे हा."

मी परत मारली. दोनदा. मग पुठ्ठ्यासकट सरकत बाहेर आले. ह्यांचा जुना शर्ट, डोक्याला पंचा, कपाळावर मास्क, तोंडभर काजळी. मुलगी म्हणाली, "अय्या!"

"मिस्त्री, या कोण?"

"मिसेस," हे म्हणाले. बस, तेवढंच.

"डबा द्यायला गेल्या होत्या की काय खाली?" डॉक्टर हसले.

"डबा द्यायला गाडीखाली कोण जातं, डॉक्टर?" माझा आवाज चिरकत होता, पण आता थांबणं शक्यच नव्हतं. "गाडी आज मिळणार नाही. उद्या पण नाही. स्टिअरिंगजवळची पट्टी चुकलीय. उतारावर तुटेल ती. पोरीला घेऊन जाऊ नका."

बॅटरी त्यांच्या हातात दिली. डॉक्टर वाकले, बघितलं, सरळ झाले. ज्याला कळत नाही तो बघून काय बघणार? म्हणाले, "ही पट्टी तर मिस्त्रींनी माझ्या डोळ्यांदेखत मारलीय." आणि माझ्याकडे पाठ करून ह्यांना विचारलं, "काय मिस्त्री? बाई म्हणतात ते खरं का?"

मी ह्यांच्या पायांकडे बघितलं. तासभर तेच बघत होते ना. अंगठा थांबला होता. ह्यांनी नुसतं म्हणायचं होतं, तिला काय कळतंय डॉक्टर, की जीप गेलीच होती. आणि मी त्या पत्र्याच्या दारातून आत गेले असते ती कायमची.

ह्यांनी बॉनेटवरचा पाना उचलला. मला वाटलं, आता एवढ्यावर पण दोनदा वाजवतात की काय. पण तो त्यांनी हत्यारांच्या पेटीत टाकला.

"डॉक्टर, खाली बारा पट्ट्या आहेत," हे म्हणाले. "अकरा हिच्या आहेत. तुम्ही कौतुक केलंत ती एक माझी."

ह्यांनी डॉक्टरांच्या हातातली बॅटरी घेतली. मग डॉक्टरांनी मुलीचा हात धरला. रागावले होते का ओशाळले होते, मला कळलं नाही. शटरखालून वाकून जाताना मुलीने विचारलं, "बाबा, मग उद्या?"

"उद्या नाही," डॉक्टर म्हणाले.

मी पळाले बाथरूमला. तिथेच बसून रडले, चांगली दहा मिनिटं, नळ सोडून. तोंड धुऊन बाहेर आले तर हे दिसेनात. मग जीपखालून चपला दिसल्या. माझ्या पुठ्ठ्यावर हे उताणे पडले होते, हातात बॅटरी, एकेक पट्टी बघत होते. इतक्या वर्षांत माझ्या कामाखाली पहिल्यांदाच शिरले असतील.

"अगं," हे खालून म्हणाले, "लय गरम होतंय गं इथे."

"होतं ना?" मी म्हटलं. "पडा आता तासभर."