'पुरे' शिकवणाऱ्या बाई

रस्त्यात कुठे सायकलला हवा भरायच्या पंपाचा आवाज आला की बाई अजूनही क्षणभर थबकतात. उमेदीची सगळी वर्षं त्या आवाजात गेली. खाली सायकलचं दुकान, वर लाकडी जिन्याच्या टोकाशी त्यांच्या दोन खोल्या. तिथे स्वमग्न मुलं यायची. बाई जमिनीवर बसून ठोकळे मांडायच्या, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं होतं 'खेळवणाऱ्या बाई'. एवढी शिकलेली बाई दिवसभर खेळते काय आणि आईबाप तिचा शब्द झेलतात काय, याचं दुकानदाराला भारी नवल वाटे.

शिंप्याची छकुली आली तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. बोलत नसे. गोंगाट झाला की स्वतःच्याच हाताला कडकडून चावायची. पोरगी लाडावली आहे, असं म्हणून लोक मोकळे झाले होते. बाई मात्र चाव्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, हेच बघत राहिल्या. मग त्यांनी शिंप्याला सांगितलं, ही हट्ट करत नाही, थांबा म्हणतेय. तिला त्यासाठी शब्द देऊ या. तळहात वर करायचा आणि म्हणायचं 'पुरे'. अट एकच, ती 'पुरे' म्हणाली की समोरच्यानं तिथल्या तिथे थांबायचं, मग तो कुणी का असेना. दुकानदारालाही त्यांनी त्यात ओढलं. जिन्यावर तो चिमुकला तळहात दिसला की पठ्ठ्या अर्धवट फुगलेलं चाक तसंच सोडून उभा राही आणि गिऱ्हाईक त्याच्या नावानं बोटं मोडी. फार गोड दिवस होते ते.

पुढे मात्र बाईंनी हाताखाली तयार केलेल्या मदतनीस मुली एकेक करून काम सोडून गेल्या. या व्यवसायाची सरकारदरबारी नोंदच नव्हती. दवाखान्यात जागा नाही, शाळेत नाही. आपण थकलो की खोल्यांना कुलूप लागणार, हे बाईंना दिसत होतं. म्हणून पालकांना बरोबर घेऊन त्या नोंदणीसाठी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवू लागल्या.

शेवटच्या सुनावणीचे साहेब सज्जन होते, पण बोलायला लागले की आवरायचे नाहीत. डॉक्टर नाही, शिक्षिका नाही, मग तुम्ही नेमक्या कोण, हे त्यांनी नाना परींनी विचारलं आणि उत्तराला एकदाही जागा ठेवली नाही. पंखा कुरकुरत होता, फोन वाजत होते. शिंप्याशेजारी बसलेली छकुली आता चांगली उंच झाली होती. तिचा हात तोंडाकडे गेला. आता ही चावणार, बाईंना वाटलं. नेमकं आजच, सगळ्यांसमोर. पण हात तोंडाशी थांबला नाही, वर गेला.

"पुरे," छकुली साहेबांना म्हणाली.

सगळे पालक सवयीनं गप्प झाले. शिंप्यानं उठून पंखा बंद केला. त्या शांततेत साहेबही बोलता बोलता थांबले.

शिंप्यानं लेकीला विचारून तिचा हात टेबलावर ठेवला. "साहेब, हे वण लहानपणचे. नवा एकही सापडायचा नाही. हे ज्यांनी केलं त्यांना काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी वाकून ते वण पाहिले. मग बाईंकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "काय म्हणायचं तुम्हाला?" आणि या वेळी ते उत्तरासाठी थांबले.

"वर्तन विश्लेषक," बाई म्हणाल्या.

यथावकाश नोंदणी सुरू झाली. सोडून गेलेल्यांपैकी एक परत आली, आता खोल्या तीच चालवते. जिन्याशी 'वर्तन विश्लेषक' अशी पाटी लागली, पण ती बघायला दुकानदार उरला नव्हता, याची बाईंना फार हळहळ वाटते. असता तरी त्यानं 'खेळवणाऱ्या बाई' अशीच हाक मारली असती, आणि बाईंनी ओ दिली असती.