दीडशेची स्मरणशक्ती

आधीच सांगून टाकते : चूक माझी होती. प्रकाशची नव्हती, यंत्राची तर मुळीच नव्हती. जिने उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या, तिला हे वाक्य लिहिताना काय कष्ट पडतात, ते कोणत्या शब्दांत सांगावे!

ऐंशीचे दशक संपत आले होते. सौंसरच्या आमच्या शाळेत एकुलता एक संगणक होता. त्याचा मदरबोर्ड जुना झाला, तेव्हा नवा बसवण्याचे काम मी प्रकाशला दिले. मोहगावचा हा प्रकाश सातवीत माझ्याच वर्गात होता. नागपुरात काम शिकून त्याने पांढुर्ण्याला दुकान थाटले होते. शाळेचे काम त्याला प्रथमच मिळत होते. ते फसले असते, तर दुसऱ्या कोणत्याही शाळेने त्याला दारात उभे केले नसते.

त्याने गोमेसारख्या पायांच्या काळ्या मेमरी-चिपांच्या दोन नळ्या माझ्या टेबलावर ठेवल्या. एकीवर लिहिले होते शंभर, दुसरीवर दीडशे.

“बाई, शंभरवाल्या लावतो जी.”

“दीडशे उपलब्ध असताना शंभर का?”

“हा आकडा तसा नसते बाई. मी काय म्हणून राहिलो...”

“प्रकाश, वार्षिक परीक्षेत गणितात तुला किती गुण होते?”

अठ्ठावीस होते. मला पाठ आहेत.

आमच्याकडे विद्यार्थी तहसीलदार झाला, तरी बाईंपुढे उलट बोलत नाही. त्याने मुकाट्याने दीडशेच्या चिपा बसवल्या. मग बोर्डावरच्या दोन बारीक खिळ्यांवर तो एक इवलीशी टोपी चढवू लागला. हे काय, असे मी विचारले.

“ही मेमरी लावली तं प्रोसेसरले दरवेळी एक ठोका थांबा लागते, बाई. त्याच्यासाठी हे टोपी.”

माझ्या शाळेत घंटा झाल्यावर कोणी थांबत नाही, असे मी त्याला सुनावले आणि टोपी काढायला लावली. त्याने आशेने आमच्या लिपिकांकडे, बाबूजींकडे पाहिले. बाबूजी तातडीने पंख्याकडे पाहू लागले.

रिकामे यंत्र तासभर निमूट चालले. माझी मुद्रा किती विजयी होती म्हणून सांगू!

शनिवारी पालकसभा होती. दहावीच्या गुणपत्रिका संगणकावर छापून देण्याची घोषणा मी आठवडाभर आधीच करून ठेवली होती. पहिली गुणपत्रिका अर्धी छापली गेली आणि यंत्र थिजले. पडद्यावर मेमरी चुकल्याची इंग्रजी ओळ! पुन्हा सुरू केले. तिसऱ्या मुलीच्या इतिहासापाशी पुन्हा तेच.

बोरगावचे एक संत्रेवाले पालक मागून म्हणाले, “कोनं बसवलं जी हे?”

यंत्रापाशी बसलेला प्रकाश उभा राहिला. “मीनं बसवलं. चूक माझी झाली जी.”

आता सांगा, मी गप्प राहिले असते, तर कोणाला कळले असते? बाबूजींना आणि पंख्याला. पण तो पोरगा माझ्यासाठी आपल्या दुकानाचे नाव बुडवून बसणार होता. मी उठले. आकडा मी निवडला आणि टोपीही मीच काढायला लावली, असे भर सभेत सांगितले. मग प्रकाशला मी आयुष्यात प्रथमच एक वाक्य पुरे करू दिले.

“बाई, हा आकडा म्हंजे मेमरीले उत्तर द्यायले लागते तो वेळ. जितका कमी, तितकी ती चपळ. दीडशेवालीले एका ठोक्याची सवड पाह्यजे होती. ते बी आपण काढून घेतली.”

म्हणजे सावकाश उत्तर देणारी विद्यार्थिनी मी पारखून निवडली आणि तिला विचार करायला क्षणभरही दिला नाही! सातवीतला, फळ्यापाशी खडू धरून उभा असलेला प्रकाश मला उगीचच आठवला.

त्यालाही तोच आठवला असावा. “कमी आकडा चांगला असन, बाई, तं माह्या त्या अठ्ठावीसचं काय?”

सभा इतकी हसली की चहावाला दारातून डोकावला.

शेवटी ठरले ते असे : शंभरच्या चिपा आजच बसवाव्यात, आणि यंत्राच्या बाबतीत प्रकाशचे बोलणे संपेपर्यंत बाईंनी बोलू नये. ठराव बाबूजींनी मांडला. सगळ्या पालकांनी हात वर केले. मीही केला. मी तो बोलण्याची परवानगी मागायला केला होता. बाबूजींनी तो संमतीत मोजला.