बाहेरगावच्या सामन्याची चादर

सगुणाबाईंच्या घरी एक सोलापुरी चादर आहे. ती कधीच अंथरत नाहीत. तिचे निळे पट्टे धुऊन धुऊन विटले आहेत, पण पेटीत ती कायम सगळ्यात वर असते. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीचा फुटबॉल संघ बाहेरगावी सामन्याला निघाला की ही चादर सोबत जायची. सगुणाबाई कधी गेल्या नाहीत.

आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांचे यजमान सिताराम लोको शेडमध्ये फिटर होते आणि संघाचे गोलकीपर. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मला जे ठाऊक आहे ते मावशींकडून, म्हणजे जिनं एकही प्रवास केला नाही तिच्याकडून.

तेव्हा छोटी लाइन होती, कोळशाचं इंजिन. संघ नांदेडला जायचा, परळीला, हिंगोलीला. पोरं उतरेपर्यंत काळवंडलेली असायची. एका गावी सामन्यानंतर जेवणं होती. सगळ्यांच्या पत्रावळ्या ओसरीवर मांडल्या. सितारामची मात्र खाली, गोठ्याच्या बाजूला. संघात दिनकरराव होते, जवळच्याच खेड्यातल्या मोठ्या शेतकरी घरचे. त्यांनी आपली पत्रावळ उचलली आणि सितारामजवळ जाऊन बसले. मग एकेक करत सगळा संघ ओसरीवरून उठला.

त्यानंतर संघानं परगावी जेवणं सोडलं आणि एक रीत पाडली. ज्यानं त्यानं घरून भाकरी आणायच्या. गाडीनं पूर्णेचा सिग्नल ओलांडला की सगळ्या भाकरी या चादरीवर ओतायच्या, खालीवर करायच्या आणि हाताला येईल ती खायची. कोणाची ते विचारायचं नाही. विचारेल तो त्या दिवशी राखीव, मैदानाबाहेर.

"आन् निकाल कसा कळायचा तुमाला?" मी एकदा विचारलं.

"चादरीवरून. घडी घालून आणली की समजायचं, हरले. जिंकल्यावर घडी घालायला शुद्ध कोणाला? कोणीतरी डोक्याला बांधलेली असायची, न्हाईतर बोळा."

मग त्याच पुढं म्हणाल्या,

"माझी भाकरी कोणाकोणाच्या पोटात गेली असंल. मला मातर कधी कोणाची आली न्हाई."

दिनकररावांची आई कडूबाई बाजारात भेटली की आवर्जून विचारायची, सगुणा, यंदा सामना कुठं हाय गं? पण तिच्या दारी गेलं की तांब्या उंच धरून ओंजळीत पाणी ओतायची.

"तिला का ठाऊक नव्हतं, लेक गाडीत काय खायलाय ते? सगळं ठाऊक होतं. गाडीत बसले ते सुटले, पोरी. आमी दोघी हितंच राहिलो."

राग नव्हता आवाजात. गव्हातला खडा बाजूला ठेवावा तसं बोलल्या.

या हिवाळ्यात त्यांची नात निकिता कॉलेजच्या मुलींच्या संघातून हिंगोलीला खेळायला निघाली, तेव्हा मावशींनी जाहीर केलं, "मी येणार."

निकिताचे वडील सिद्धोधन चहा पीत होते. "आई, गुडघा बघ तुझा. पोरी खेळायला जायल्यात, तुला सांभाळायला न्हाई."

"ही येईल की संगं," मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

"जाऊन करणार काय तू? ऑफसाइड तरी कळतं का?"

"तुझ्या बापाला तरी कुठं कळायचं! दोन खांबांत उभा राहायचा नुसता."

सिद्धोधनना हसू आलं आणि तिथंच ते हरले.

त्या दिवशी मावशींनी पहाटे उठून भाकरी थापल्या. चादर पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

डब्यात मुलींचा गलका होता. कोणी कानात गाणी घातलेली, कोणी वेणी घालून घेणारी. मावशी खिडकीशी बसून सिग्नलची वाट पाहत होत्या. तो मागे गेला तशी त्यांनी समोरासमोरच्या दोन बाकांवर चादर ताणून धरली.

"काढा गं डबे. ओता."

मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. निकिता कानापर्यंत लाल. "आजी, आता तसलं काही राह्यलं न्हाई. आमी सगळ्या संगंच खातो की."

"संगं खाता. आपापल्या डब्यातून."

मावशींनी आपल्या भाकरी ओतल्या. पाठोपाठ निकितानं, मग इतरांनी. एक डबा बंदच राहिला. तो अपेक्षाचा होता, दिनकररावांच्या नातीचा. तिचा हात झाकणावर होता आणि मावशींची नजर त्या हातावर. त्यांची चादर धरलेली बोटं आवळली गेली होती. मी खिडकीबाहेर पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"आजी," अपेक्षा खाली मान घालून म्हणाली, "माझ्या डब्यात पोळ्या हायत. आजोबा आईला लय वेळा म्हणले, सामन्याला भाकरीच द्यायची. ती ऐकतच न्हाई. चालतंय का?"

मावशींनी चादरीची कड तिच्याकडे सरकवली.

"ओत," त्या म्हणाल्या.

अजून चार-पाच जणींच्या पोळ्याच होत्या. धपाटे होते, एकीचा तर नुसता पाव. मावशींनी दोन्ही हातांनी सगळं खालीवर केलं, डोळे मिटले आणि हात घातला. पोळी आली.

"कोणाची गं ती?" निकितानं वाकून पाहिलं.

"राखीव बसायचंय का तुला?"

सगळा डबा हसला. मावशींनी घास मोडला आणि सावकाश चावत राहिल्या.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक उचलली. वसमत येईपर्यंत त्या खातच होत्या.

मुली दोन गोलनी हरल्या. मावशी मैदानाच्या कडेला बसून होत्या, चेंडू पलीकडे गेला की मला विचारायच्या, "आता का थांबल्या ह्या?"

परतीच्या गाडीत निकिता रडून झाल्यावर चादर झटकून घडी घालायला लागली. मावशींनी ती तिच्या हातातून ओढून घेतली.

पूर्णेला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. सिद्धोधन स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर उभे होते. लहानपणी ते याच स्टेशनवर बापाच्या गाडीची वाट पाहत उभे असत. त्यांची नजर आधी आईच्या हाताकडे गेली आणि चेहरा उजळला.

"जिंकल्या?"

"हरल्या."

"मग चादर अशी कशी?"

मावशी माझ्या खांद्याचा आधार घेत स्कूटरवर बसल्या.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखायलाय."

चादर त्यांनी बोळा करून पोटाशी धरली होती.